तळ्यातला जीव, बार्शीची नोंदवही

म्हातारपण लांबवण्याच्या धंद्यात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत टेलोमेअर या शब्दाला मोठा भाव आला आहे. गुणसूत्रांची टोकं पेशीच्या प्रत्येक विभाजनागणिक झिजतात. ती फार झिजली की पेशी विभागायची थांबते. म्हणून टोकं लांब ठेवा आणि तरुण राहा, असा हा तीन पायऱ्यांचा युक्तिवाद. पहिल्या दोन पायऱ्या पक्क्या आहेत, त्यांना नोबेल पारितोषिकाचा आधार आहे. तिसरी मात्र कच्ची आहे. ती कच्ची का, हे पाहायला सोलापूर जिल्ह्यातली बार्शी ही फार सोयीची जागा आहे, जरी तिथे कुणी टेलोमेअरवर संशोधन करत नसलं तरी. टोकांची ही झीज निसर्गाच्या हातून राहून गेलेली चूक आहे असं मानण्याची पद्धत आहे. मला ती चूक वाटत नाही. मोठ्या देहाच्या आणि लांब आयुष्याच्या प्राण्याने कॅन्सरपासून बचावासाठी केलेला तो सौदा आहे, आणि त्या सौद्याचा सगळ्यांत स्पष्ट पुरावा प्रयोगशाळेतल्या उंदरांपेक्षा बार्शी-परांड्याकडच्या खेड्यांतल्या स्त्रियांच्या आजारात सापडतो.

सुरुवात मात्र तळ्यातून करावी लागेल. एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांचा जन्म 1948 साली ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावरच्या होबार्टचा. केंब्रिजला फ्रेडरिक सँगर यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. डीएनएमधल्या अक्षरांचा क्रम वाचण्याच्या पद्धती त्या वेळी त्याच प्रयोगशाळेत घडत होत्या. ते कसब घेऊन त्या अमेरिकेत येल विद्यापीठात जोसेफ गॉल यांच्याकडे गेल्या आणि कामाला घेतला टेट्राहायमेना नावाचा गोड्या पाण्यातला एकपेशीय जीव. या जीवाला माणसाच्या आजाराशी काही देणंघेणं नाही. त्याची एकच सोय होती: त्याच्या मोठ्या केंद्रकात गुणसूत्रांचे हजारो छोटे तुकडे असतात, म्हणजे टोकांची संख्याही अफाट. टोकांचा अभ्यास करायचा तर जिथे टोकंच टोकं आहेत तिथे जावं, इतका हा साधा विचार. 1978 साली ब्लॅकबर्न आणि गॉल यांनी दाखवलं की या टोकांवर सहा अक्षरांचा एकच छोटा शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेला असतो, कुठे वीस वेळा, कुठे सत्तर वेळा. त्यातून कुठलंही प्रथिन बनत नाही. पुढे माणसाच्या गुणसूत्रांच्या टोकांवर सापडलेला शब्द टेट्राहायमेनाच्या शब्दापेक्षा अवघ्या एका अक्षराने वेगळा निघाला. तळ्यातला जीव आणि माणूस यांच्यात उत्क्रांतीचं एवढं अंतर असूनही ही टोकं जवळजवळ तशीच राहिली, यावरूनच त्यांचं काम किती मूलभूत असावं याचा अंदाज येतो.

ते काम काय, हे सोलापुरात वेगळं सांगायची गरज पडू नये. चादर मागावरून उतरली की ताण्याचे मोकळे धागे तिच्या टोकाला लोंबतात. त्या दशांना गाठी मारल्या नाहीत तर कापड काठाकडून उसवत आत येतं. टेलोमेअर म्हणजे गुणसूत्राच्या टोकाची अशी बांधणी. ती नसेल तर पेशीला ते टोक म्हणजे तुटलेला डीएनए वाटतो आणि ती दोन वेगळ्या गुणसूत्रांची टोकं एकमेकांना जोडून मोकळी होते. हर्मन मुलर आणि बार्बरा मॅकक्लिंटॉक यांना डीएनएची रचना कळण्याच्या किती तरी आधी, माश्यांच्या आणि मक्याच्या गुणसूत्रांवरून, याचा सुगावा लागला होता. अडचण पुढे आहे. डीएनएची नक्कल करणाऱ्या यंत्रणेला सुरुवात करायला आरएनएचा छोटा तुकडा लागतो. तो नंतर काढला जातो आणि अगदी टोकाशी भरून न येणारी फट उरते. रशियातल्या अलेक्सेई ओलोव्हनिकोव्ह यांनी 1971 साली हे ओळखलं आणि शिवाय असंही सुचवलं की याच झिजेमुळे पेशींना विभाजनाची मर्यादा पडत असावी. ही मर्यादा दहा वर्षं आधी लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांना दिसली होती: माणसाच्या गर्भातल्या पेशी काचेच्या भांड्यात पन्नासेक वेळा विभागतात आणि मग थांबतात, मरत नाहीत, नुसत्या थांबतात. त्याआधी अर्धं शतक अलेक्सिस कॅरेल यांचं मत शास्त्रमान्य होतं, की शरीराबाहेर काढलेल्या पेशी नीट पोसल्या तर अमर असतात. हेफ्लिकना ते मत मोडायला बरीच वर्षं झगडावं लागलं.

मग टेट्राहायमेना पिढ्यान्‌पिढ्या विभागत राहतो तो कसा? टोक भरून काढणारं काहीतरी त्याच्याकडे असलंच पाहिजे, या तर्काने ब्लॅकबर्न यांची विद्यार्थिनी कॅरॉल ग्रायडर बर्कलीत शोध घेत होती. 1984 च्या नाताळच्या दिवशी तिला क्ष-किरणांच्या फिल्मवर सहा-सहा अक्षरांनी वाढत गेलेल्या डीएनएच्या पट्ट्यांची शिडी दिसली. टेलोमरेज हे विकर सापडलं होतं. हे विकर आपल्याच पोटात आरएनएचा साचा बाळगतं आणि त्यावरून टोकाचा शब्द लिहीत जातं. त्या साच्याचं जनुक ग्रायडर यांनी 1989 साली हाती घेतलं, आणि पुढच्याच वर्षी ब्लॅकबर्न यांच्या गटाने त्यात मुद्दाम बिघाड करून पाहिला. एरवी न थांबणारा टेट्राहायमेना मग काही पिढ्यांत म्हातारा होऊन मरू लागला. माझ्या मते या सगळ्या कारकिर्दीतला सगळ्यांत निर्णायक प्रयोग हाच, कारण इथे सहसंबंधावर भागवलेलं नाही; कारण हलवलं आणि परिणाम हलला. त्याच 1990 साली कॅल्व्हिन हार्ली, ब्रूस फचर आणि ग्रायडर यांनी माणसाच्या पेशींत विभाजनागणिक टोकं आखूड होत जातात हे मोजून दाखवलं. चित्र पूर्ण झालं, निदान तसं वाटलं. आपल्या बहुतेक पेशी टेलोमरेज बंद ठेवतात, म्हणून झिजतात, म्हणून आपण म्हातारे होतो. आता ते विकर पुन्हा सुरू केलं की झालं!

इथेच बार्शीकडे वळायचं. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालयात 1987 साली भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली 346 गावं तिच्या कक्षेत होती. पहिला तालुका सोलापूर जिल्ह्यातला, उरलेले दोन आता धाराशिव म्हणतात त्या जिल्ह्यातले. शहरात नोंदणी म्हणजे रुग्णालयांच्या कागदांवरून आकडे गोळा करणं. इथे रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हते, म्हणून कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांना लक्षणं समजावून सांगत आणि संशयित रुग्णांना बार्शीला तपासणीसाठी यायला उद्युक्त करत. डॉ. भगवान नेने, कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे दाखवून दिलं की नुसत्या या जागृतीनेही आजार आधीच्या टप्प्यात सापडू लागला. स्त्रियांमध्ये पहिल्या क्रमांकावर होता गर्भाशयमुखाचा कॅन्सर. गावाकडे त्याला सरळ पिशवीचा कॅन्सर म्हणतात.

टेलोमरेजच्या गोष्टीत हा कॅन्सर योगायोगाने येत नाही. माणसाच्या पेशींतलं टेलोमरेज ग्रेग मोरिन यांना 1989 साली पहिल्यांदा सापडलं ते हेला पेशींमध्ये. आणि हेला पेशी म्हणजे 1951 साली बाल्टिमोरच्या रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिला न विचारता घेतलेल्या पेशी. ती त्याच वर्षी गेली. पेशी आजही जगभर वाढताहेत. हॅरल्ड झुर हाउझेन यांच्या गटाला या पेशींत मानवी पॅपिलोमा विषाणूच्या अठराव्या प्रकाराची जनुकं सापडली. हा विषाणू पेशीत शिरून करतो काय, याचं उत्तर टेलोमेअरच्या चर्चेत फार मोलाचं आहे. त्याच्याकडे दोन खास प्रथिनं आहेत. एक पेशीतलं पी-53 हे प्रथिन नष्ट करवतं, दुसरं आरबी हे प्रथिन निकामी करतं. ही तीच दोन प्रथिनं, जी टोकं आखूड झाल्याचं कळताच पेशीचं विभाजन थांबवतात. पण एवढ्याने भागत नाही. थांबण्याचा हुकूम न ऐकणारी पेशी विभागत राहते, टोकं आणखी झिजतात, गुणसूत्रं एकमेकांना चिकटून तुटू लागतात, आणि अशा पेशी बहुतेक मरून जातात. यातून वाचायचं तर टेलोमरेज हवं. 1996 साली क्लिंगेलहुट्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पी-53 संपवणारं विषाणूचं तेच पहिलं प्रथिन टेलोमरेजही सुरू करतं. शिवाय या कॅन्सरमध्ये तिसऱ्या गुणसूत्राच्या लांब भुजेचा एक भाग वारंवार जादा झालेला आढळतो, आणि टेलोमरेजच्या आरएनए साच्याचं जनुक नेमकं त्या भागात बसलेलं आहे. एका विषाणूला, त्याचं बस्तान बसवता बसवता, पेशीची ही सगळी बंदी एकामागून एक मोडावी लागते. बंदी नावापुरती असती तर ती मोडण्याची सामग्री बाळगायची गरजच पडली नसती.

विषाणू हा एकच मार्ग आहे असंही नाही. 1994 साली नाम किम, जेरी शे, वुड्रिंग राइट आणि सहकाऱ्यांनी बारा प्रकारच्या कॅन्सरचे 101 नमुने तपासले. त्यातल्या 90 मध्ये टेलोमरेज चालू होतं. 50 निरोगी ऊतींच्या नमुन्यांत एकातही नव्हतं. फुप्फुस असो वा स्तन, गाठ कुठलीही असली तरी बहुतेक वेळा तिला हा एक टप्पा ओलांडावा लागतो. ज्या थोड्या गाठी टेलोमरेजशिवाय चालवून घेतात, त्याही दुसऱ्या मार्गाने टोकं लांबवतातच.

यावरचा पहिला आक्षेप वजनदार आहे. 1998 साली अँड्रिया बॉडनार आणि सहकाऱ्यांनी निरोगी मानवी पेशींत टेलोमरेजचं जनुक घातलं. त्या आपली मर्यादा ओलांडून विभागत राहिल्या, पण त्यांच्यात कॅन्सरची लक्षणं काही दिसली नाहीत. म्हणजे टेलोमरेज स्वतः कॅन्सर करत नाही. हे खरंच आहे, आणि त्याने माझ्या म्हणण्याला धक्का लागत नाही. पुढच्याच वर्षी रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेने निरोगी मानवी पेशी जाणूनबुजून कॅन्सरची करून दाखवली, तेव्हा त्यांच्या कृतीत टेलोमरेज हा घटक होताच. सोबत एक बिघडलेलं वाढीचं जनुक आणि पी-53 व आरबीला गप्प करणारं एका माकड-विषाणूचं प्रथिन. कॅन्सरला एकाहून जास्त बिघाड लागतात. आयुष्यभरात आपल्या असंख्य पेशींत एखाद-दुसरा बिघाड झालेला असतोच, आणि त्यातल्या बहुतेकांचा कॅन्सर होत नाही याचं एक कारण म्हणजे त्यांची टोकं आधीच संपतात. सगळ्या शरीरात टेलोमरेज सुरू करणं म्हणजे त्या अर्धवट बिघडलेल्या पेशींनाही मुदतवाढ देणं. भांड्यातल्या निरोगी पेशींवरून सत्तरीच्या माणसाच्या देहाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, तो याच कारणाने.

दुसरा आक्षेप उंदरांचा. 2012 साली माद्रिदच्या मारिया ब्लास्को यांच्या गटाने एका वर्षाच्या आणि दोन वर्षांच्या उंदरांना विषाणूवाहकाच्या मदतीने टेलोमरेजचं जनुक दिलं. त्यांचं मध्यम आयुर्मान अनुक्रमे 24 आणि 13 टक्क्यांनी वाढलं, कॅन्सर मात्र वाढला नाही. बातम्यांत हे फार गाजलं. पण उंदीर हा इथे साक्षीदार म्हणून जरा गैरसोयीचा आहे. प्रयोगशाळेतल्या उंदराची टोकं माणसापेक्षा कित्येक पटींनी लांब, त्याच्या अनेक ऊतींत टेलोमरेज चालू, आणि आयुष्य मात्र दोन-तीन वर्षांचं. टोकांच्या लांबीवर आयुष्य ठरत असतं तर उंदीर आपल्या पणतवंडांच्या लग्नाला हजर असता. टेलोमरेजचं जनुक पूर्ण काढून टाकलेले उंदीर पहिल्या काही पिढ्या ठणठणीत जगतात, हेही 1997 सालीच कळलं होतं. व्हेरा गोर्बुनोव्हा आणि आंद्रेई सेलुआनोव्ह यांनी उंदीर, खारी, बीव्हर, कॅपिबारा अशा पंधरा कृंतक प्राण्यांची तुलना केली, तेव्हा ऊतींतल्या टेलोमरेजचा मेळ आयुर्मानाशी बसला नाही, तो बसला देहाच्या वजनाशी. लहान प्राण्यांत ते चालू, मोठ्यांत बंद. मोठा देह म्हणजे जास्त पेशी, जास्त विभाजनं, म्हणजे एखादी पेशी बिघडण्याची शक्यता जास्त. म्हणून ज्या प्राण्याने देह वाढवला त्याने हे विकर आवरतं घेतलं. हा सौदा एकेका प्राणिवंशात वेगवेगळा, पण त्याच तर्काने झाला असला पाहिजे.

वार्धक्याला सौदा म्हणायची ही रीत महाराष्ट्राला परकी नाही. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात तेव्हा सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारे मिलिंद वाटवे यांनी श्वेता परब, प्राजक्ता जोगदंड आणि सरिता केणी यांच्यासह 2006 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक निबंध छापला. त्याच्या आदल्या वर्षी फ्रान्समध्ये एरिक स्टुअर्ट आणि सहकाऱ्यांनी ई-कोलाय जीवाणूंतही म्हातारी पेशी ओळखता येते हे दाखवलं होतं, आणि मग वार्धक्य सजीवांना अटळच, असा सूर लागला होता. वाटवे यांच्या गटाने संगणकी प्रतिमानातून तो सूर तपासला. विभागताना एका लेकीला सगळा जुना, खराब झालेला माल द्यायचा आणि दुसरीला कोरी ठेवायची, की दोघींत वाटून दुरुस्तीवर खर्च करायचा, यातलं काय परवडतं ते परिस्थितीवर ठरतं; झपाट्याने वाढायची शर्यत असेल तर पहिलं, काटकसरीने जास्तीत जास्त उत्पन्न काढायचं असेल तर दुसरं. म्हणजे जीवाणूचं वार्धक्य अटळ नाही, ती सशर्त निवड आहे. जीवाणूंची गुणसूत्रं बहुधा वर्तुळाकार असतात, त्यांना टोकंच नसतात, तरी त्यांना म्हातारपण येतं. टेलोमेअर हेच वार्धक्याचं मूळ म्हणणाऱ्यांनी निदान एवढ्या गोष्टीवर तरी थांबून विचार करावा.

तिसरा आक्षेप रुग्णांचा आहे, आणि तो झटकून टाकता येत नाही. टेलोमरेजच्या जनुकांत जन्मजात दोष असलेल्या माणसांची टोकं फार आखूड असतात. त्यांची अस्थिमज्जा निकामी होते, फुप्फुसं कठीण पडत जातात, केस लवकर पिकतात. डॅनॅझॉल या जुन्या संप्रेरकासारख्या औषधाने अशा रुग्णांची टोकं लांबल्याचं 2016 साली दिसलं, आणि त्यांना तसं औषध देण्यात गैर काही नाही. पण आखूड टोकं वाईट यावरून लांब तितकी चांगली हे सिद्ध होत नाही. जन्मतः लांब टोकं मिळालेल्यांचं काय होतं? 2013 साली एका कुटुंबातल्या त्वचेच्या कॅन्सरचं मूळ टेलोमरेजचं जनुक जास्त चालवणाऱ्या बदलात सापडलं. 2017 साली लाखो माणसांच्या जनुकीय माहितीतून दिसलं की लांब टोकांकडे कल असणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका काहीसा कमी, पण अनेक प्रकारच्या कॅन्सरचा जास्त. 2023 साली मेरी अर्मानिओस यांच्या गटाने पीओटी-1 या जनुकातल्या बदलामुळे फार लांब टोकं लाभलेल्या माणसांचा अभ्यास छापला. त्यांच्यात साध्या आणि कॅन्सरच्या अशा दोन्ही गाठींची गर्दी होती. ब्लॅकबर्न यांनी मानसशास्त्रज्ञ एलिसा एपेल यांच्याबरोबर 2004 साली 58 मातांवर केलेल्या अभ्यासाने, ताणाखाली जगणाऱ्या बायकांची टोकं आखूड असतात असं दाखवून, या विषयाला घरोघरी पोचवलं. त्या अभ्यासाचं मोल आहे. पण तो सहसंबंध आहे, मोजणी रक्तातल्या पांढऱ्या पेशींची आहे, आणि त्या पेशींचं मिश्रणच ताणाने बदलतं. बर्कलीतल्या टेट्राहायमेनाच्या प्रयोगाची निश्चिती त्यात नाही. आणि त्याच्या आधारावर गोळ्या विकणाऱ्यांच्या जाहिरातीत तर सहसंबंध हा शब्दही येत नाही.

बार्शीकडे पुन्हा पाहिलं तर या सगळ्याचा व्यवहारातला अर्थ दिसतो. टाटा स्मारक रुग्णालय आणि लिऑनची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांच्यासह बार्शीच्या डॉक्टरांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 52 ग्रामसमूहांतल्या 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांवर केलेला अभ्यास एप्रिल 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. विषाणूची एकदाच तपासणी आणि सापडलेल्या दोषावर उपचार झालेल्या गटात पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरने 34 मृत्यू झाले; कसलीही तपासणी न मिळालेल्या, जवळजवळ तेवढ्याच मोठ्या गटात 64. त्या दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर नंतर कडक टीका झाली, आणि ती रास्त होती असं मला वाटतं. तारखा मात्र पाहण्यासारख्या आहेत. आदल्या ऑक्टोबरात झुर हाउझेन यांना या विषाणूसाठी नोबेल जाहीर झालं होतं. पुढच्या ऑक्टोबरात ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि त्यांचे सहसंशोधक जॅक शोस्टाक यांना टेलोमेअरसाठी. मधल्या एप्रिलात धाराशिवच्या खेड्यांतला हा निकाल. तिथल्या स्त्रियांचं आयुष्य वाढलं ते कुणाची टोकं लांबवून नव्हे. बिघडलेल्या पेशींनी टोकं लांबवायला शिकण्याआधीच त्या हुडकून काढल्या, म्हणून.

औषधांचा प्रवासही त्याच दिशेने गेला आहे. टेलोमरेजवर थेट काम करणारं पहिलं औषध अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी जून 2024 मध्ये मंजूर केलं. इमेटेलस्टॅट त्याचं नाव. रक्त बनवणाऱ्या पेशींचा एक विकार असतो, तो मुख्यतः साठी-सत्तरीच्या पुढच्यांना होतो. रुग्णाला पुन्हा पुन्हा रक्त चढवावं लागतं. त्या म्हाताऱ्या माणसांना हे औषध शिरेतून देतात आणि ते त्यांच्या बिघडलेल्या पेशींतलं टेलोमरेज बंद पाडतं.